बाबा झोपेत घोरतात, मध्येच श्वास थांबतो, मग दचकून पुन्हा घोरू लागतात आणि हल्ली विसरतातही. मेंदूवर परिणाम झाला असेल का?

होऊ शकतो. नुसतं घोरणं असतं तर मी एवढं ठामपणे म्हटलं नसतं, पण श्वास थांबतो आणि मग दचकून घोरणं सुरू होतं असं तुम्ही लिहिलंय. हे स्लीप अॅप्नियाचं, म्हणजे झोपेत श्वास पुन्हा पुन्हा अडण्याच्या आजाराचं लक्षण आहे.

मी स्लीप लॅबमध्ये, म्हणजे झोपेची तपासणी होते तिथे टेक्निशियन आहे. पडद्यावर नाकातल्या हवेची रेघ सपाट होते, छाती-पोटाच्या पट्ट्यांच्या रेघा मात्र हलत राहतात. म्हणजे माणूस श्वास ओढतोय, पण घसा मिटलाय. रक्तातला ऑक्सिजन ९५ टक्क्यांवरून ८० वर येतो, मग मेंदूच्या लहरी एकदम वेगवान होतात, मोठ्ठा घुरका, पुन्हा झोप. तासाला असं ३० किंवा जास्त वेळा झालं की आजार तीव्र. आणि सकाळी पेशंट म्हणतो, झोप मस्त लागली!

ऑक्सिजनचे हेलकावे आणि मोडलेली झोप, दोन्ही मेंदूला सोसत नाहीत. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांना २००८ साली अशा रुग्णांच्या मेंदूतला मॅमिलरी बॉडीज हा स्मरणशक्तीशी निगडित भाग जवळपास २० टक्के लहान दिसला. अर्थात एकदाच काढलेल्या एमआरआयवरून आजार आधी की मेंदूतला बदल आधी, ते कळत नाही. अमेरिकेतच सरासरी ८२ वर्षांच्या २९८ बायकांवर काही वर्षं लक्ष ठेवलं, तेव्हा झोपेत श्वास अडणाऱ्यांपैकी सुमारे ४५ टक्के जणींची आकलनशक्ती मंदावली किंवा त्यांना डिमेन्शिया झाला. बाकीच्यांत ३१ टक्के. हा पुरावा मला जास्त पटतो.

हे नुकसान मशीनने भरून निघतं का? मिलानमध्ये तीन महिने सीपॅप, म्हणजे मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारं मशीन वापरल्यावर हिप्पोकॅम्पस या स्मरणशक्तीच्या भागासह मेंदूच्या काही भागांत सुधारणा दिसली. रुग्ण फक्त १७ होते, तेव्हा हुरळून जाऊ नका. दिवसाची पेंग मात्र बहुतेकांची कमी होते. अट एकच, मशीन रोज लावायचं. मास्क टोचतो म्हणून ते कपाटावर गेलेलं मी बऱ्याच घरांतून ऐकलंय. टोचत असेल तर माप बदलून मागा.

एमआरआयची घाई नको. आधी स्लीप स्टडी, म्हणजे रात्रभराची झोपेची तपासणी, सोबत बी१२ आणि थायरॉइडची तपासणी, कारण विसरण्यामागे तेही असू शकतं. रात्री दारू किंवा झोपेची गोळी घेत असतील तर डॉक्टरांना नक्की सांगा.

बाबा ‘मी कुठे घोरतो?’ म्हणणारच. मोबाइलवर दोन मिनिटांचा व्हिडिओ काढून ठेवा, डॉक्टरांनाही तो उपयोगी पडतो.