शंभरपर्यंत लिहितो, पण सात चिंचोके मोजून देत नाही

वाचकांचे प्रश्न : बालशिक्षण

प्रश्न : अक्कलकोट रोडवर आमचं बालक मंदिर आहे. पाच शिक्षिका, लहान गट आणि मोठा गट. गणित आता नव्या आराखड्याप्रमाणे घ्यायचं म्हणून एक दिवसाचं प्रशिक्षण झालं, जाडजूड पुस्तिका हातात आली. पण वर्गात फारसं काही बदललेलं नाही. आमच्या सर्वांत जुन्या बाई म्हणतात, "इतकी वर्षं आम्ही शंभरपर्यंत अंक लिहून घेतले, त्यातली मुलं इंजिनिअर झाली. आत्ताच काय बिघडलं?" दोन नव्या मुली हौसेनं खेळ घेतात, पण त्यातून मूल काय शिकलं असं विचारलं की गप्प होतात. मी मुख्याध्यापिका असले तरी गणितातली जाणकार नाही. या सगळ्यांना बरोबर घेऊन कसं जायचं?
– एक मुख्याध्यापिका, सोलापूर

उत्तर : बाई, तुमच्या जुन्या बाईंचा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर पुस्तिकेतून देऊ नका, ती सध्या कपाटातच राहू द्या. मोठ्या गटातलं, वही सुबक असलेलं, शंभरपर्यंत न चुकता लिहिणारं एक मूल बोलवा आणि बाईंनाच त्याच्यासमोर बसवा. मध्ये वीस-पंचवीस चिंचोके ठेवा. बाईंनी एवढंच म्हणायचं, "मला सात दे."

साखर पेठेत बालवाडीवर होते तेव्हा आणि पुढे शिक्षिकांची प्रशिक्षणं घेतानाही मी हे पाहत आले आहे. काही मुलं सरळ मूठभर चिंचोके उचलून देतात. काही "एक, दोन, तीन" म्हणत एकेक सरकवतात, पण सातला थांबतच नाहीत, ढीग संपेपर्यंत मोजत जातात. काही मात्र बरोबर सात काढून देतात. मग पाच चिंचोके ओळीत मांडा आणि मोजायला सांगा. मूल बोट ठेवत मोजतं, "एक, दोन, तीन, चार, पाच." लगेच विचारा, "मग किती आहेत?" पुष्कळ मुलं पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात, "एक, दोन..." शेवटी आलेला पाच हा सगळ्या चिंचोक्यांचा मिळून आकडा आहे, हे त्यांच्या मनात अजून बसलेलं नसतं. त्यांच्या लेखी पाच म्हणजे त्या शेवटच्या चिंचोक्याचं नाव. असं मूल वहीत 5 सुंदर काढतं, पण उद्या 5 आणि 3 मिळवायला सांगितलं की अडतं. हे बाईंनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं की त्यांना वेगळं पटवावं लागणार नाही.

रोशेल गेलमन आणि सी. आर. गॅलिस्टेल या दोन अभ्यासकांनी 1978 साली मोजण्याची उकल करून दाखवली. एका वस्तूला एकच आकडा म्हणायचा. आकड्यांचा क्रम दर वेळी तोच ठेवायचा. शेवटचा आकडा म्हणजे एकूण संख्या. चिंचोके असोत, टाळ्या असोत की दारातल्या चपला, मोजण्याची रीत तीच. आणि डावीकडून मोजा की उजवीकडून, उत्तर बदलत नाही. आपण मोठी माणसं हे सगळं एका दमात करतो. चार वर्षांचं मूल यातलं एकेक वेगवेगळं कमावत असतं. ते कुठं अडलंय हे बाईंना ओळखता येणं, नव्या पद्धतीचा खरा गाभा हाच आहे.

आता मागणी नेमकी किती आहे तेही पाहा, कारण बरीचशी धास्ती तिथंच आहे. मुलांना पायाभूत वाचन-लेखन आणि अंकज्ञान यावं यासाठीचं केंद्राचं निपुण भारत अभियान 5 जुलै 2021 ला सुरू झालं. त्यात बालवाटिकेच्या, म्हणजे पहिलीच्या आधीच्या वर्षाच्या, अखेरीस मुलाला 10 पर्यंतचे अंक ओळखून वाचता यावेत आणि संख्या, वस्तू, आकार, घटना क्रमानं लावता याव्यात, एवढीच अपेक्षा आहे. 99 पर्यंत वाचन-लेखन आणि साधी बेरीज-वजाबाकी ही पहिलीच्या अखेरीची अपेक्षा. म्हणजे मोठ्या गटात शंभरपर्यंत लिहून घ्या असं कुणीच सांगितलेलं नाही, ते आपणच डोक्यावर घेतलंय. ते खाली ठेवलं की दिवसातला केवढा वेळ मोकळा होतो!

ऑक्टोबर 2022 मध्ये पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला. तो 3 ते 8 वर्षं हा एकच टप्पा धरतो आणि गणिताचा क्रम सांगतो : आधी अनुभव, मग त्याबद्दल बोलणं, मग चित्र आणि शेवटी चिन्ह. बालवर्गात पाटी-पेन्सिल हातात देऊन आपण शेवटच्या पायरीनं सुरुवात करत होतो. गणिताच्या तासाचे त्यात चार भाग आहेत : तोंडी गणितगप्पा, नवं कौशल्य शिकवणं, त्याचा सराव आणि गणिताचे खेळ. तुमच्या जुन्या बाईंचा हात यातल्या पहिल्या भागात कुणी धरणार नाही. बडबडगीतं त्यांना तोंडपाठ असतील, मुलांना धरून ठेवणारा आवाज त्यांच्याकडे असेल. गाण्यातली एकेक चिमणी उडून जाते तसं त्यांनी एकेक बोट मिटायचं आणि मध्येच थांबून विचारायचं, "आता किती उरल्या?" वजाबाकी तिथंच सुरू होते. त्या भागाची जबाबदारी बाईंकडेच सोपवा आणि नव्या मुलींना त्यांच्या वर्गात बसून पाहू द्या.

आता त्या दोन मुली. खेळ घेतात हे उत्तमच, पण खेळाला प्रश्न जोडलेला नसला तर तो नुसता खेळच राहतो. साधा खेळ घ्या. दोन मुलं, एक फासा, वाटीभर चिंचोके. फाशावर जेवढे ठिपके तेवढे चिंचोके घ्यायचे. चार-पाच डाव झाले की विचारायचं, "कुणाकडे जास्त आहेत? तुला कसं कळलं?" एक मूल म्हणेल, "माझा ढीग मोठा दिसतोय." दुसरं दोन्हीकडचे चिंचोके जोडीनं लावेल. तिसरं मोजून सांगेल. ही तीन उत्तरं म्हणजे तीन वेगळ्या पायऱ्या. काही मुलं फाशावरचे तीन ठिपके न मोजता पाहूनच ओळखतात, तेही टिपण्यासारखं. खेळाआधी त्यांनी एकच गोष्ट ठरवायची, आज मी काय पाहणार आहे. आणि संपल्यावर तीन-चार मुलांची नावं नि त्यांनी म्हटलेलं वाक्य वहीत लिहायचं. वर्गभर मुलांचा तक्ता भरायला सांगाल तर दोन आठवड्यांत तो खोटा भरला जाईल. चार मुलं पुरे.

साहित्य विकत घेऊ नका. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाडला आजूबाजूच्या वस्तूंतून केवढं शिक्षण उभं केलं! आपल्याकडे तर घराघरांत सोलापुरी चादर आहे. तिचा काठ मुलांसमोर पसरा : लाल, काळा, लाल, काळा. पुढे कोणता पट्टा येईल? मधला एक पट्टा कागदानं झाका, खाली कोणता असेल? आकृतिबंध शिकवायला यापेक्षा चांगलं साधन मला माहीत नाही. जानेवारीत गड्डा, म्हणजे सिद्धेश्वरांची यात्रा, भरतो, तेव्हा मानाचे सात नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, आपापल्या क्रमानं निघतात. मुलांनी ते खांद्यावर बसून पाहिलेले असतात. सात काठ्यांना रंगीत कागद गुंडाळून मिरवणूक काढा आणि विचारा, तिसऱ्याच्या मागे कोणता, पाचव्याच्या पुढे कोणता. पहिला, दुसरा, तिसरा हे शब्द मग शिकवायला लागत नाहीत.

तुमचं काम काय? दर शनिवारी अर्धा तास सगळ्यांनी बसायचं. प्रत्येकीनं त्या आठवड्यातलं एका मुलाचं एक उत्तर घेऊन यायचं, बरोबर असो की चूक. मूल असं का म्हणालं असेल, यावरच बोलायचं. बाईंच्या वर्गावर टीका त्या बैठकीत चालणार नाही, हे पहिल्याच दिवशी सांगा. तुम्हीही आठवड्यातून एकदा वर्ग घ्या आणि तुमचंही एक उत्तर आणा. जाणकार नसल्यानं काही अडणार नाही, उलट तुम्ही विचारलेल्या प्रश्नांनी बाकीच्या बोलत्या होतील. आणि सगळं एकदम बदलू नका. दिवाळीपर्यंत मोजणं आणि 'किती?' एवढंच धरा. आकृतिबंध, कमी-जास्त, गोष्टीतली बेरीज-वजाबाकी त्यानंतर. एका दिवसाच्या प्रशिक्षणानं कुणाचीच सवय बदलत नाही. शनिवार मात्र एकही चुकवू नका.

प्रश्न : माझी अंगणवाडी पूर्व भागात आहे. निम्म्याहून जास्त मुलांच्या घरी तेलुगू बोलतात. मोजायला सांगितलं की "ओकटि, रेंडु, मूडु" सुरू होतं. पुढे शाळा मराठी आहे, म्हणून मी थांबवते. बरोबर करते ना?
– एक सेविका, सोलापूर

उत्तर : ताई, थांबवू नका. ज्या मुलाला 'नालुगु' म्हणजे केवढे चिंचोके हे समजलं, त्याला 'चार' हा फक्त नवा शब्द शिकायचा असतो. आकड्यामागचं समजणं एकदाच घडतं, मग ते कोणत्याही भाषेत चालतं. आधी त्याला तेलुगूत मोजू द्या, 'किती?' याचं उत्तर तेलुगूत येऊ द्या, मग तेच चिंचोके सगळ्यांनी मिळून मराठीत मोजा. कन्नड बोलणारी मुलं असतील तर 'ओंदु, एरडु, मूरु' हेही वर्गात येऊ द्या. आई-आजीला आठवड्यातून एकदा बोलवून त्यांच्या भाषेतलं मोजण्याचं गाणं म्हणायला लावा.

पुढे पहिलीत या मुलांना एका ठिकाणी खरी अडचण येते, ती आत्ताच माहीत असू द्या. तेलुगूत आणि कन्नडमध्ये एकवीस म्हणताना आधी वीस येतं, मग एक. मराठीत आधी एक, मग वीस. त्यामुळे ऐकून लिहिताना 21 चे 12 होतात. मराठी घरातली मुलंही इथं अडखळतात. 2019 साली दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं वाचन आलं तेव्हा राज्यभर वाद झाला, पण अडचण खरी होती. अंगणवाडीत दहापर्यंतच राहिलात तर हा गोंधळ तुमच्या वर्गात येणारच नाही.

प्रश्न : माझी मुलगी मोठ्या गटात आहे. शेजारच्या मुलाला 50 पर्यंत लिहिता येतं. हिच्या बाई वहीच देत नाहीत, गृहपाठ नाही. ही मागे पडेल का?
– एक आई, जुळे सोलापूर

उत्तर : मागे पडणार नाही. दप्तराच्या ओझ्याबद्दलचं 2020 चं राष्ट्रीय धोरण दुसरीपर्यंत गृहपाठच नको म्हणतं, तेव्हा बाई बरोबर करत आहेत. घरी एक करा. जेवायला ताटं मांडायचं काम तिला द्या. "आपण चौघं, आत्या आणि मामा आले, तर किती ताटं?" तिला बोटांवर मोजू देत, चुकू देत, पुन्हा मांडू देत. भाकऱ्या टोपलीत टाकताना मोजायला लावा आणि दोन वाढल्यावर विचारा, किती उरल्या. पहिलीत गेल्यावरही सुरुवातीचे तीन महिने खेळातून तयारीसाठी 'विद्याप्रवेश' हा कार्यक्रम आखलेला आहे. 50 पर्यंत लिहायला तिला पहिलीचं अख्खं वर्ष मिळणार आहे.