वाचकांचे प्रश्न : जुना कॉम्प्युटर आणि गेम

प्रश्न : घरचा कॉम्प्युटर २०१४ सालचा आहे. आय५-४५७० प्रोसेसर, एच८१ मदरबोर्ड, ४ जीबीची एकच रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. गेम आधी बरा चालतो, पण पंधरा-वीस मिनिटांनी अडखळायला लागतो. रॅम वाढवू की कार्ड घेऊ?
– एक वाचक, मिरज

उत्तर : आधी कॅबिनेट उघडा. सुरुवातीला ठीक आणि मग रडतखडत, हे लक्षण बहुतेकदा उष्णतेचं असतं. एचडब्ल्यूइन्फो हा तापमान आणि वेग दाखवणारा मोफत प्रोग्रॅम चालू ठेवून गेम खेळा. या प्रोसेसरचा मूळ वेग ३.२ गिगाहर्ट्झ. तापमान १०० अंशांच्या आसपास गेलं की तो स्वतःला वाचवायला वेग त्याच्याही खाली आणतो.

अशा वेळी हीटसिंकच्या (प्रोसेसरवर बसवलेल्या, उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाच्या) पात्यांत धुळीचा थर बसलेला असतो आणि थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मधली, उष्णता वाहून नेणारी) वाळून खडूसारखी झालेली असते. कॉम्प्युटर दहा मिनिटं चालवून बंद करा म्हणजे पेस्ट जरा सैल होते, मग मेनची वायर काढा. फॅनची वायर सोडवा. हीटसिंकच्या चारही पिना त्यांच्यावरच्या बाणाच्या दिशेने पाव फेरा फिरवून वर ओढा. ब्लोअर मारताना फॅन बोटाने धरून ठेवा, गरगरू देऊ नका. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवी वाटाण्याएवढी प्रोसेसरच्या मधोमध ठेवा. घोळ होतो तो परत बसवताना. पिना आधी उलट फिरवून मूळ जागी आणा, मग समोरासमोरच्या तिरक्या जोडीने दाबा. चार वेळा ‘टक्’ ऐकू आलंच पाहिजे. एक जरी पिन अर्धवट राहिली तर हीटसिंक कलतो आणि तापमान साफसफाईच्या आधीपेक्षाही वर जातं.

त्यानंतर रॅम. तुमचं ग्राफिक्स प्रोसेसरच्या आतलंच आहे, ते याच रॅमवर जगतं. डीडीआर३-१६०० ची एक स्टिक सेकंदाला १२.८ जीबी डेटा पुरवते, सारख्या दोन लावल्या की २५.६. म्हणून ८ ची एक घेण्यापेक्षा ४ च्या दोन घ्या. ‘फक्त एएमडीसाठी’ असं लिहिलेल्या आणि सर्व्हरमधून काढलेल्या रजिस्टर्ड स्टिक स्वस्तात मिळतात, पण या बोर्डावर चालत नाहीत.

प्रश्न : असाच कॉम्प्युटर आहे, एसएमपीएस (आतला वीजपुरवठ्याचा डबा) ३०० वॉटचा. कोणतं कार्ड चालेल?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : ७५ वॉटपर्यंतचं, म्हणजे ज्याला एसएमपीएसची वेगळी वायर लागत नाही असं. जीटीएक्स १६५० चं बिनवायरीचं मॉडेल इथे चपखल बसतं. काही मॉडेलना सहा पिनांची वायर लागते, ती टाळा. आरएक्स ६४०० कमी वीज खातं म्हणून मोह होईल, पण तुमच्या बोर्डावर नको. ते कार्ड मदरबोर्डाशी डेटाची ने-आण करायला चारच लेन (मार्गिका) वापरतं. एच८१ वर कार्डाचा स्लॉट जुन्या, कमी वेगाच्या पीसीआयई २.० चा आहे, तिथे चार लेन म्हणजे नळीऐवजी स्ट्रॉ.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सेकंडहँड जीटीएक्स १०५० टीआय आणणार असाल तर दुकानातच लावून जीपीयू-झेड हा कार्डाची माहिती दाखवणारा प्रोग्रॅम उघडा. जुन्या कार्डाचं बायोस (आतला मूळ प्रोग्रॅम) बदलून नवं नाव दिलेलं असेल तर तिथे ‘फेक’ असं दिसू शकतं. कार्डावर निळं व्हीजीए पोर्ट दिसलं तर तिथेच थांबा. या पिढीच्या चिपमधून ॲनालॉग सिग्नल थेट निघतच नाही. घरी आणल्यावर मॉनिटरची केबल कार्डालाच लावा. ती मदरबोर्डाला लावून ‘काहीच फरक पडला नाही’ म्हणणारे कमी नाहीत.

प्रश्न : एसएसडी (हार्ड डिस्कपेक्षा वेगवान डिस्क) लावली तर एफपीएस (गेममध्ये सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) वाढतील का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : सरासरी एफपीएस नाही वाढणार. गेम लवकर उघडेल आणि मोठ्या नकाशात पुढचा भाग लोड होताना बसणारे झटके कमी होतील. अडीच इंची साटा एसएसडी घ्या आणि मदरबोर्डावरच्या ६ गिगाबिट प्रतिसेकंदाच्या साटा पोर्टलाच जोडा. एच८१ वर तशी दोनच असतात, उरलेली दोन निम्म्या वेगाची.

एफपीएससाठी फुकटचा उपाय आधी करून बघा : रिझोल्युशन १९२०×१०८० वरून १२८०×७२० वर आणा. पिक्सेल निम्म्याहून कमी होतात. तरीही एफपीएस हलले नाहीत तर अडचण प्रोसेसरची आहे, मग नवं कार्ड आणूनही पैसे वायाच.