हंगामापुरत्या लॅपटॉपसाठी स्वस्त एसएसडी : तासगावच्या एका बागायतदारांस उत्तर

तासगाव तालुक्यातील एका द्राक्ष बागायतदार वाचकांनी असे विचारले आहे : 2016 साली घेतलेला लॅपटॉप ऑक्टोबर छाटणीपासून माल उतरेपर्यंतच वापरात असतो, फवारणीच्या नोंदी, मजुरांची हजेरी, व्यापाऱ्यांकडील येणे आणि बागेचे फोटो मिळून सुमारे 70 जीबी माहिती त्यात आहे. आता तो सुरू व्हायलाच पाच-सहा मिनिटे घेतो. जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे चिपांवर माहिती साठवणारी वेगवान डिस्क, बसवावी की नवा लॅपटॉप घ्यावा, यासाठी त्यांच्यापुढे चार पर्याय आहेत : ऑनलाइन मिळणारी अनोळखी नावाची 512 जीबी एसएसडी 2,100 रुपयांना, सांगलीतील दुकानातून परिचित कंपनीची 240 जीबी एसएसडी 3,200 रुपयांना, वरच्या दर्जाची 1 टीबी एसएसडी 8,500 रुपयांना, किंवा 48,000 रुपयांचा नवा लॅपटॉप हप्त्यांवर. घाई न करता दिवाळीच्या सेलपर्यंत थांबावे का, असाही त्यांचा प्रश्न आहे.

माझे मत 3,200 रुपयांच्या एसएसडीच्या बाजूने आहे, मात्र एका अटीवर, आणि ती अट खरेदीपेक्षा महत्त्वाची असल्याने तिच्याविषयी मी सविस्तर लिहिणार आहे.

प्रथम महाग पर्याय पाहू. वरच्या दर्जाच्या एसएसडीसाठी आपण जी जादा रक्कम मोजतो, तिचा बराचसा भाग जास्त जागा आणि जास्त लेखनक्षमता (झिजण्यापूर्वी एकूण किती माहिती लिहिता येते) यांसाठी असतो. क्रुशियल बीएक्स500 किंवा किंग्स्टन ए400 यांसारख्या साध्या एसएसडींच्या 240 जीबी आवृत्तीला कंपनीने 80 टेराबाइट (80,000 जीबी) लेखनाची आणि तीन वर्षांची हमी दिलेली आहे. आपण हंगामाच्या सहा महिन्यांत मिळून 120 दिवस लॅपटॉप वापरता आणि विंडोजची स्वतःची लिहा-पूस धरून रोज 10 जीबी लेखन होते असे सढळपणे मानले, तरी वर्षाला 1.2 टेराबाइट होतात. म्हणजे ती मर्यादा गाठायला साठाहून अधिक वर्षे लागतील. वेगाचेही तसेच आहे. आपल्या लॅपटॉपमधील सॅटा जोडणीतून (डिस्क ज्या मार्गाने संगणकाला जोडलेली असते त्यातून) प्रत्यक्षात सेकंदाला सुमारे 550 एमबीपेक्षा जास्त माहिती जाऊ शकत नाही, आणि वाचताना जवळपास तेवढा वेग स्वस्त एसएसडीही देते. तिच्यात स्वतंत्र डीरॅम (तात्पुरती वेगवान स्मृती) नसते आणि एका पेशीत चार बिट साठवणाऱ्या क्यूएलसी चिपा असू शकतात, त्यामुळे एका दमात शंभर जीबी फोटो उतरवताना ती मंदावेल, हे खरे; परंतु रोजच्या नोंदींच्या कामात ते जाणवणार नाही.

नव्या लॅपटॉपच्या हप्त्यांबाबत माझा आक्षेप रकमेपेक्षा वेळापत्रकाला आहे. द्राक्षाचा पैसा वर्षातून एकदा, काही आठवड्यांत हाती येतो, तर हप्ता दरमहा जातो, आणि तो नेमका एप्रिलच्या खरड छाटणीच्या व ऑक्टोबरच्या फळछाटणीच्या खर्चावर येऊन पडतो. शेतीचे उत्पन्न करमुक्त असल्याने लॅपटॉपवरील घसाऱ्याचा आपल्याला काही लाभ नाही, आणि जीएसटी नोंदणी नसल्यामुळे भरलेला 18 टक्के करही परत मिळत नाही. तेव्हा दुकानदार सांगेल ती पूर्ण रक्कम हाच आपला खरा खर्च समजावा.

तरीही जुन्या यंत्राचे आयुष्य मर्यादित आहे, हे सांगितलेच पाहिजे. विंडोज 10 चा नियमित पाठिंबा 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला आणि 2016 च्या प्रोसेसरवर विंडोज 11 अधिकृतपणे चालत नाही. म्हणून बँकेचे व्यवहार या लॅपटॉपवरून करू नयेत, आणि त्यात 8,500 रुपये घालू नयेत. 3,200 रुपयांची एसएसडी मात्र लॅपटॉप निकामी झाल्यावरही यूएसबी केसिंगमध्ये (यूएसबीने जोडता येणाऱ्या बाहेरच्या डबीत) घालून वापरता येते.

2,100 रुपयांच्या पर्यायात 1,100 रुपये वाचतात आणि जागा दुप्पट मिळते, हा मोह मी समजू शकतो. परंतु काही बनावट एसएसडी संगणकाला खोटी क्षमता दाखवतात. खरी जागा भरेपर्यंत सारे सुरळीत वाटते आणि त्यानंतर लिहिलेले नीट साठतच नाही, किंवा आधीचे पुसले जाते. प्रत्येक अनोळखी वस्तू अशी असते असे नाही, पण आपल्याला 512 जीबी जागेची गरजच नसताना तो धोका कशासाठी पत्करायचा? निर्यातदार फवारणीची नोंद मागतो त्या दिवशी ती हाती नसेल, तर होणारे नुकसान अकराशे रुपयांत मोजता येणार नाही.

आता ती अट. प्रासंगिक वापरात एसएसडीला झिजेपेक्षा बंद पडून राहणे जास्त बाधते. तिच्यातील माहिती विद्युतभाराच्या रूपात साठलेली असते आणि वीज न मिळाल्यास तो भार हळूहळू ओसरतो. सामान्य संगणकांच्या एसएसडीसाठी चिपांची मानके ठरवणाऱ्या जेडेक संस्थेचे मानक असे आहे की, लेखनमर्यादा पूर्ण झाल्यानंतरही 30 अंश सेल्सिअस तापमानात बंद अवस्थेत एक वर्ष माहिती टिकावी. आपली एसएसडी नवी आणि कमी झिजलेली असल्याने ती याहून अधिक काळ तग धरेल. परंतु उष्णता वाढली की हा काळ घटतो, आणि एप्रिल-मे महिन्यांत शेतातल्या पत्र्याच्या खोलीत किती तापते हे मी आपल्याला सांगायला नको. तेव्हा माल उतरल्यावर लॅपटॉप घरातल्या थंड, कोरड्या खोलीत आणावा आणि दर दोन महिन्यांनी दोन-तीन तास सुरू ठेवावा.

दुसरे असे की, हमीची तीन वर्षे कॅलेंडरप्रमाणे मोजली जातात. आपण वर्षातील सहा महिनेच वापर करणार असाल, तर प्रत्यक्ष वापराची दीडच वर्षे हमीखाली येतात. शिवाय हमीत नवी एसएसडी मिळते, आतली माहिती मिळत नाही. हार्ड डिस्क बिघडण्यापूर्वी अनेकदा कुरकुरते, अडखळते. एसएसडीचा कंट्रोलर (तिचे काम चालवणारी चिप) मात्र कसलीही सूचना न देता बंद पडू शकतो, आणि तिच्यातून माहिती परत काढणे खर्चिक असते, कित्येकदा अशक्यही.

म्हणून अट अशी की, माहितीची दुसरी प्रत असल्याशिवाय ही खरेदी करू नये. सुदैवाने त्यासाठी फार खर्च नाही. लॅपटॉपमधून निघणारी जुनी हार्ड डिस्क दुकानात ठेवून न येता काही शे रुपयांच्या यूएसबी केसिंगमध्ये बसवून घ्यावी आणि हंगामात दर पंधरवड्याला तिच्यावर प्रत करावी. ती जुनी असल्याने क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्रामने तिची प्रकृती आधी तपासावी. त्यात इशारा दिसला तर वरच्या दर्जाच्या एसएसडीवर न घातलेल्या 5,300 रुपयांतून नवी बाह्य हार्ड डिस्क घ्यावी. ही प्रत लॅपटॉपच्या पिशवीत नव्हे, तर दुसऱ्या घरी ठेवावी. ऑगस्ट 2019 च्या महापुरात सांगली शहरात कागद आणि संगणक एकाच खोलीत भिजलेली घरे मी पाहिली आहेत. आपले गाव नदीपासून दूर असले तरी चोरी आणि आग यांना नदी लागत नाही.

दिवाळीपर्यंत मात्र थांबू नये. पूर्वी एसएसडी दरवर्षी स्वस्त होत असे, पण 2025 च्या अखेरीस डेटा सेंटरच्या मागणीमुळे मेमरी चिपांचे भाव वाढले, त्यामुळे सेलमध्ये किंमत उतरेलच असे गृहीत धरता येत नाही. तोवर छाटणी उरकून पहिल्या फवारण्याही होऊन गेलेल्या असतील आणि त्यांच्या नोंदी जुन्याच डिस्कवर असतील. सप्टेंबरमध्ये एसएसडी बसवून घ्यावी, पावतीवर तिचा अनुक्रमांक लिहून घ्यावा, पावतीशिवाय दोनशे रुपये कमी करतो असे कोणी म्हटले तर नकार द्यावा, आणि जुन्या डिस्कवरील फायली नव्या एसएसडीवर उघडून पाहिल्याखेरीज जुनीवरचे काहीही पुसू नये.