जेनेसिस हा रॉक बँड सोडल्यावर गायक पीटर गॅब्रिएलने काढलेला पहिला सोलो अल्बम ऐकण्यासारखा आहे का?

आहे, पण सलग एकसंध काही मिळेल या अपेक्षेने ऐकू नका.

गॅब्रिएल 1975 मध्ये जेनेसिसमधून बाहेर पडला आणि हा अल्बम आला 1977 मध्ये. त्याला वेगळं नावच नाही, मुखपृष्ठावर नुसतं 'पीटर गॅब्रिएल'. पुढच्या तीन अल्बमनाही त्याने हेच नाव दिलं, त्यामुळे चाहते मुखपृष्ठावरच्या चित्रावरून याला 'कार' म्हणतात. शोधताना हे लक्षात ठेवा, नाहीतर भलताच अल्बम लावून बसाल.

सुरुवात 'सॉल्सबरी हिल'पासून करा. बाथ शहराजवळच्या टेकडीचं नाव आहे ते, आणि गाणं आहे बँड सोडण्याच्या निर्णयाबद्दल. कुठेही कडवटपणा नाही, उलट सुटल्याचा आनंद आहे. गंमत म्हणजे गाणं बहुतांश सात मात्रांत आहे. आपला रूपक तालही सात मात्रांचाच, पण इथे वजन वेगळं पडतं. स्टीव्ह हंटरची अकूस्टिक गिटार इतकी सहज वाहते, की मोजायला बसेपर्यंत कळतही नाही.

बाकी अल्बम म्हणजे मिसळ: बार्बरशॉप (वाद्यांशिवाय अनेक आवाजांत एकत्र गायचा प्रकार), ब्लूज, ऑर्केस्ट्रा, सगळंच. निर्माता बॉब एझरिनला भव्यतेची हौस. 'हिअर कम्स द फ्लड' हे गाणं त्यात थोडं गुदमरतं, असं माझं मत. गिटारवादक रॉबर्ट फ्रिपच्या 1979 च्या 'एक्स्पोजर' अल्बममध्ये गॅब्रिएलनेच ते अगदी साधेपणाने गायलंय, तेही जरूर ऐका.