वडिलांच्या अंगावरून वारं गेलंय, उजवी बाजू लुळी पडली. घरी आणल्यावर काय करायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडील ६२ वर्षांचे, जिंतूर तालुक्यातलं गाव. १२ दिवसांपूर्वी उजवा हात-पाय गेला, बोलणं अडकलं. काल दवाखान्यातून घरी आणलं. विनाआधार बसतात, उभं राहता येत नाही. भावकीतले लोक लकव्याचं झाडपाल्याचं औषध आणि मालिश सुचवतायत. फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून दोनदाच येऊ शकतो. वडील चालतील का?

विनाआधार बसतात, ही तुमच्या प्रश्नातली सगळ्यात चांगली गोष्ट आहे. नेदरलँड्समधल्या एका अभ्यासात, पहिल्या ७२ तासांत जे ३० सेकंद विनाआधार बसू शकले आणि ज्यांच्या लुळ्या पायात थोडीफार ताकद दिसली, ते सहा महिन्यांनी कुणाचा हात न धरता चालतील याची शक्यता ९८ टक्के निघाली. तिसऱ्या दिवशीचं बसणं आणि बाराव्या दिवशीचं बसणं एक नव्हे, त्यामुळे हा आकडा जसाच्या तसा लावू नका; पण आशा धरायला जागा आहे. हाताला पायापेक्षा जास्त वेळ लागतो. बंद मूठ स्वतःहून थोडी तरी उघडते का, यावर लक्ष ठेवा.

आधी डिस्चार्ज कार्ड काढा आणि सीटीच्या रिपोर्टात 'इन्फार्क्ट' लिहिलंय की 'हॅमरेज' ते बघा. इन्फार्क्ट म्हणजे गुठळीने रक्त अडलं. त्यात रक्त पातळ करणारी गोळी चुकवायची नाही. हॅमरेज म्हणजे रक्तस्राव. त्यात तीच गोळी घातक ठरू शकते. शेजारच्या लकव्याच्या पेशंटची चिठ्ठी दाखवून औषध आणू नका, ते याच कारणासाठी.

आता जेवण. पहिल्या काही आठवड्यांत जे रुग्ण दगावतात, त्यांतल्या बऱ्याच जणांना न्यूमोनिया झालेला असतो, आणि त्याचं मोठं कारण म्हणजे घास किंवा पाणी श्वासनलिकेत जाणं. आपल्याकडे आजारी माणसाला पातळ वरणात भाकरी कुस्करून देतात. गिळण्याचा त्रास असलेल्याला हाच घास सगळ्यात अवघड. पातळ वरण आधीच घशात घसरतं, भाकरीचे कण तोंडातच राहतात, आणि कमजोर घशाला दोन्ही एकदम सांभाळता येत नाहीत. त्यापेक्षा एकजीव आणि घट्ट द्या: घट्ट पिठलं, मऊ शिजवून घोटलेली खिचडी, दही, कुस्करलेलं केळं. पूर्ण ताठ बसवा, हनुवटी किंचित खाली, एका वेळी चहाचा एक चमचा, घास डाव्या म्हणजे चांगल्या गालाकडून. गिळल्यावर 'आ' म्हणायला लावा. आवाज ओला, घरघरता आला तर घसा साफ झालेला नाही, पुढचा घास थांबवा. बोलणं फुटत नसेल तर हुंकाराचा आवाज ऐका. जेवणानंतर उजव्या गालात बोट फिरवून बघा. तिथे घास साठून राहतो आणि त्यांना ते कळतही नाही. नंतर अर्धा तास बसवून ठेवा आणि दिवसातून दोनदा दात, जीभ नीट साफ करा. काही जणांना ठसका न लागताच पाणी फुप्फुसात उतरतं. म्हणून ठसका नाही पण संध्याकाळी ताप चढतोय, दम लागतोय, असं दिसलं तर थेट दवाखाना. प्रत्येक घोटाला ठसका लागत असेल तर तोंडाने देणं थांबवून डॉक्टरांना विचारा; काही दिवस नाकातून नळी लागली तरी ती कायमची नसते.

दुसरी गोष्ट खांद्याची, आणि इथे घरचेच लोक प्रेमापोटी नुकसान करतात. लुळ्या हाताचं सगळं वजन खांद्याच्या सैल सांध्यावर लोंबतं. उठवताना तो हात धरून ओढला किंवा काखेत हात घालून उचललं की सांधा निसटतो, आणि पुढे महिनोन्‌महिने खांदा दुखतो. दुखणारा खांदा माणूस हलवू देत नाही, मग हाताची सगळीच मेहनत थांबते. बसलेले असताना उजवा हात कायम मांडीवरच्या उशीवर किंवा स्टुलावर टेकवलेला असू द्या. उठवताना कमरेला पंचा घट्ट बांधून त्याला धरा. सदरा घालताना आधी उजवी बाही, काढताना उजवी शेवटी. छताला पुली टांगून चांगल्या हाताने लुळा हात वर ओढायचा व्यायाम कुणी सांगितला तर करू नका. खांदादुखी त्यानेच सगळ्यात जास्त वाढते असं अभ्यासात दिसलंय. गळ्यात अडकवायची झोळी फक्त उभं राहताना आणि चालताना. दिवसभर घातली तर कोपर आखडतं. हातात रबरी चेंडू देऊन दाबायला लावण्याच्याही मी विरोधात आहे. लकव्यात मूठ आपोआप आवळत जाते, उघडणं शिकवावं लागतं.

मालिशीबद्दल स्पष्ट सांगतो. बिघाड मेंदूत आहे, स्नायूत नाही. तेल चोळून हुकूम परत येत नाही. हलक्या हाताने तेल लावून बरं वाटत असेल तर लावा. पण एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागली, दुखू लागली तर तिथे हात लावायचा नाही. आत गुठळी असेल तर चोळण्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते, त्याच दिवशी दवाखान्यात दाखवा. विटेचा किंवा गरम पिशवीचा शेक तर नकोच. लुळ्या बाजूला चटका कळत नाही आणि भाजल्याची जखम महिनाभर पुरते. कबुतराच्या रक्ताचा लेप, काळा दोरा यांनी हात-पाय परत येत नाहीत. झाडपाल्याच्या औषधाचा खरा तोटा असा की ते सुरू झालं की बीपीच्या गोळ्या बंद होतात.

मग मेंदू शिकतो कशाने? तेच काम पुन्हा पुन्हा करण्याने. अमेरिका-कॅनडातल्या दवाखान्यांत २००९च्या सुमाराला मोजणी झाली तेव्हा थेरपीच्या एका सत्रात हाताचं खरंखुरं काम सरासरी ३२ वेळाच होत होतं. शिकण्यासाठी शेकडो वेळा लागतं. तुमचा फिजिओ आठवड्यातून दोनदा येतो, मधले पाच दिवस तुमचे.

सुरुवात उठ-बस करण्यापासून करा. झोळ पडलेली बाज चालणार नाही. माणूस तिच्यात रुततो. टणक पलंग किंवा खुर्ची घ्या, गुडघ्यापेक्षा चार बोटं उंच, मागून भिंतीला टेकवलेली. पायात चप्पल नको, फरशी कोरडी. दोन्ही तळवे जमिनीवर, टाचा गुडघ्यांच्या थोड्या मागे, उजवं पाऊल डाव्यापेक्षा किंचित मागे, म्हणजे भार लुळ्या पायावर येतो. तुम्ही उजव्या बाजूला बसा, एक हात पंचावर, दुसरा त्यांच्या उजव्या गुडघ्यावर. आता त्यांना पुढे वाकायला सांगा, नाक पायाच्या बोटांपुढे येईपर्यंत, आणि मग उठा. बहुतेक जण न वाकताच उठायला जातात आणि मागे कोसळतात. बसतानाही सावकाश, धपकन नाही. दहा वेळा, दिवसातून चार-पाच फेऱ्या. जमू लागलं की बैठक बोटभर खाली आणा. वरचं बीपी १८०च्या पुढे असेल, चक्कर किंवा छातीत दुखत असेल तर त्या दिवशी थांबा आणि डॉक्टरांना फोन करा.

हातासाठी वेगळी यंत्रं नकोत. टेबलावर फडकं ठेवून पुढे सरकवणं, पेला उचलून दुसऱ्या बाजूला ठेवणं, पुढे ताटातले शेंगदाणे एकेक वेचणं. मनगट आणि बोटं थोडी वर उचलता येऊ लागली की तीन महिन्यांनंतर फिजिओला 'चांगला हात बांधून ठेवायच्या' थेरपीबद्दल विचारा. २००६ साली अमेरिकेत २२२ रुग्णांवर झालेल्या चाचणीत दोन आठवडे चांगल्या हातात जाड मोजा घालून लुळ्या हाताकडून काम करून घेतलं आणि फायदा वर्षभर टिकला. बोटं अजिबात हलत नसतील तर हा प्रकार नुसता छळ ठरतो.

तरीही सगळा भार घरच्यांवर टाकू नका. भारतातल्या १४ रुग्णालयांत १२५० रुग्णांवर झालेल्या चाचणीत घरच्यांना शिकवून त्यांच्याकडूनच पुनर्वसन करून घेतलं. २०१७ साली निकाल आला: सहा महिन्यांनी या गटात आणि नुसते नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात, दोन्हींत दगावलेले किंवा परावलंबी राहिलेले ४७ टक्केच, फरक शून्य. माझ्या मते याचा अर्थ घरचा सराव फुकट असा नाही. जाणत्या माणसाने दर वेळी व्यायाम बदलत, वाढवत नेला नाही तर त्याच त्या सोप्या हालचाली होत राहतात. म्हणून दोन भेटींचं वेळापत्रक सोडू नका, आणि महिन्यातून एकदा नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा संभाजीनगरच्या घाटीत फिजिओथेरपी विभागात दाखवा.

बोलणं अडकलंय ते मेंदूच्या डाव्या भागामुळे. कान शाबूत आहेत, ओरडून बोलू नका. एका वेळी एकच प्रश्न, हो किंवा नाही असं उत्तर येईल असा. आकडे, वार, तोंडपाठ अभंग हे बऱ्याचदा आधी परत येतं, तिथून सुरू करा. लकव्यानंतर साधारण तिघांपैकी एकाला नैराश्य येतं. जेवण सुटलं, व्यायामाला तोंड फिरवतात, तर हट्टीपणा समजू नका. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे आणि औषधाने फरक पडतो.

'मेंदूच्या ताकदीची' महागडी इंजेक्शनं सांगितली तर खर्च करण्याआधी डॉक्टरांना नीट विचारा. त्यांतलं खूप चालणारं सिटिकोलिन २०१२ मध्ये २२९८ रुग्णांवर तपासलं गेलं आणि फायदा दिसला नाही. ते पैसे फिजिओला आणि बीपीच्या मशीनला द्या.

कारण दुसरा झटका टाळण्यात बीपीइतकं मोठं दुसरं काही नाही. ३२ देशांतल्या अभ्यासात लकव्याच्या जवळपास निम्म्या जोखमीचा संबंध एकट्या बीपीशी निघाला. पाच मिनिटं शांत बसवून, डाव्या चांगल्या हातावर, एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा आणि वहीत लिहा. सहसा १३०/८०च्या खाली आणायचं असतं. बीपी नॉर्मल आलं म्हणून गोळी बंद करायची नाही. ते गोळीमुळेच नॉर्मल आहे. तंबाखू-चुना, मिश्री, विडी बंद. दिवसभराचं मीठ सगळं मिळून एक छोटा चमचा, आणि त्यात ठेचा, लोणचं, पापड आलेच. नाडी वेडीवाकडी लागत असेल तर ईसीजी करून घ्या.

आणि पुन्हा तोंड वाकडं झालं, हात गळाला, जीभ जड झाली तर गावातल्या दवाखान्यात सलाईन लावत बसू नका. १०८ला फोन, तोंडाने पाणी किंवा गोळी काही नाही. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन सहसा साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि हा वेळ माणूस शेवटचा धडधाकट दिसला तेव्हापासून मोजतात. चोवीस तास सीटी स्कॅन असलेलं तुमच्या जवळचं रुग्णालय कोणतं, हे आजच विचारून त्याचा नंबर दाराच्या मागे खडूने लिहून ठेवा.