तिघांचाच बँड आहे ना, मग आधी खोली बघ

अल्बम घरीच करायचा ठरवलंय, तर पैसे माइकआधी खोलीवर घाल गड्या. पत्र्याखाली ड्रम वाजवलास की झांजा कानात घुसतात. कोपऱ्यांत गाद्या उभ्या कर, भिंतींवर गोधड्या टांग. ड्रमला चार माइक पुरे: एक किकला (पायाने वाजतो तो मोठा ड्रम), एक स्नेअरला (पुढ्यातला छोटा, कडकडणारा ड्रम), दोन वर. वरचे दोन्ही स्नेअरपासून सारख्याच अंतरावर हवेत, दोरीने मोज. नाहीतर स्नेअर पोकळ वाजतो आणि मिक्सिंगमध्ये, म्हणजे सगळे आवाज एकत्र जुळवताना, तो सहसा सुधरत नाही.

तिघांत दुसरा गिटारवाला नसतो. म्हणून रिदम, म्हणजे गाण्याखालची साथीची गिटार, दोनदा वाजव, एक डावीकडे, एक उजवीकडे. कॉपी-पेस्ट नको, ती मधोमधच ऐकू येते. डिस्टॉर्शन, म्हणजे गिटारचा फाटका आवाज, स्टेजवर ठेवतोस त्यापेक्षा बरंच कमी ठेव (हे कुणीच ऐकत नाही, तूही ऐकणार नाहीस). बेस गिटार थेट इंटरफेसमध्ये (वाद्य कॉम्प्युटरला जोडणारा डबा) घे.

रेकॉर्डिंगची सेटिंग: २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, आणि आवाजाच्या मीटरचं टोक उणे १० डेसिबलच्या आसपास.

लाइट गेली तर थांब. स्वस्त इन्व्हर्टरची घरघर गिटारच्या पिकअपमध्ये (तारांचा आवाज पकडणारा भाग) शिरते. उन्हाळ्यात कूलरही बंद ठेवावा लागेल, तेव्हा गिटार-बेस पहाटेच उरका. ड्रम मात्र दिवसाच. शेजारी परभणीचे असले तरी माणसंच आहेत.