कॉर्व्हेटसाठी बदली इंजिन निवडताना

१९७७ ची कॉर्व्हेट घेतलीस, मनापासून अभिनंदन! पण जुनं इंजिन आत्ताच भंगारात काढू नकोस. उजव्या हेडच्या (सिलिंडरांवरच्या झाकणाच्या) पुढे ब्लॉकवर, म्हणजे इंजिनच्या मुख्य सांगाड्यावर, एक छोटी सपाट जागा आहे. तिथला तेलकट थर पुसून आकडे वाच. गाडीच्या चेसिस नंबराशी जुळले, तर ते मूळ इंजिन आहे. झाकून जपून ठेव.

बदली म्हणून मी तरी ३५० क्युबिक इंची, म्हणजे ५.७ लिटरचं स्मॉल ब्लॉकच (शेव्रोलेचं आटोपशीर व्ही-८ इंजिन) घेईन. माउंटपासून गिअरबॉक्सपर्यंत सगळं जागच्या जागी बसतं. एक मेख मात्र आहे. १९८६ पासून मागचं मेन सील (तेल गळू न देणारी कडी) अखंड झालं आणि क्रँकवरच्या, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्यावरच्या, बोल्टांची जागा बदलली. हे माहीत नव्हतं तेव्हा मी जुना फ्लायव्हील (क्रँकला बोल्टांनी बसणारी जड चकती) हातात धरून तासभर भोकं जुळवत बसलो होतो, एकही जुळेना. त्यामुळे ब्लॉक कुठल्या सालचा, हे पैसे देण्याआधी विचार.

एलएस इंजिन (शेव्रोलेचं नंतरच्या पिढीचं व्ही-८) उत्तमच, पण त्याच्यासोबत कॉम्प्युटर, वायरिंग, जास्त दाबाचा फ्युएल पंप असा सगळा संसार येतो. पहिल्याच गाडीला तो नको.

बॉनेट फार खाली आहे. एअर क्लीनरवर मातीचा गोळा ठेव, बॉनेट अलगद बंद कर, उघडून चेपलेली जाडी मोज. उंच मॅनिफोल्ड (सिलिंडरांकडे हवा नेणारा, एअर क्लीनरखालचा भाग) चालेल का, ते तिथेच कळेल.

आणि गाडी कॅलिफोर्नियात असेल तर १९७६ पासूनच्या गाड्यांना स्मॉग (धुराची) तपासणी लागते. आधी ते नियम बघ, मगच इंजिन ठरव.